मॅट्रिकचा उंबरठा

यंदाच्या स्मरणिकेसाठी 'समाजातील शिक्षणप्रसाराचा इतिहास' या विषयावर काही लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, तेव्हा प्रथम मी नकार कळविला होता. मी इतिहाससंशोधक नव्हे. जुन्या अकरावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन, पुढे डी.एड. करून, एका ग्रामीण हायस्कुलात पाचवी ते सातवीच्या वर्गांना अडतीस वर्षे शिकविलेला मी एक सामान्य शिक्षक. इतिहास लिहिण्याचा अधिकार विद्वानांचा, आणि आपल्या समाजात आता विद्वानांचीही वाण राहिलेली नाही. परंतु गतवर्षीच्या गुणगौरव समारंभात एक प्रसंग घडला आणि त्यानंतर हा विषय मनातून जाईना. म्हणून हे चार शब्द लिहीत आहे. ज्ञातिबंधुभगिनींनी ते गोड मानून घ्यावेत.

समारंभाच्या दिवशी मी सवयीप्रमाणे तासभर अगोदर सभागृहावर गेलो होतो. आमच्याच आळीतील एक मुलगा खुर्च्या मांडीत होता. सतरा वर्षांचा, अंगाने सडपातळ. त्याचा बाप माझा विद्यार्थी होता. सगळ्या ओळी सरळ याव्यात म्हणून त्याने जमिनीवर दोरी ताणून धरली होती. हे काम त्याला कोणी सांगितले नव्हते. पुढे सभा सुरू झाली. नव्वद टक्क्यांची, पंच्याऐंशी टक्क्यांची मुले-मुली एकेक करून व्यासपीठावर येऊ लागली, टाळ्या पडू लागल्या. मी पाणी पिण्यास बाहेर आलो, तर तो मुलगा जिन्याच्या पायरीवर बसलेला. "आत का बसत नाहीस?" असे विचारले, तर म्हणाला, "गुरुजी, मी दोन विषयांत गेलोय. आत फोटो चाललेत."

त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. घरी आल्यावर मात्र असे वाटले, की आपण ज्यांचे फोटो काढतो त्यांचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. जो पायरीवर बसला त्याचाही काही इतिहास असेलच. तो कोणी तरी सांगितला पाहिजे.

ज्याला आपण अजूनही बोलताना 'मॅट्रिक' म्हणतो, त्या परीक्षेचा जन्म मुंबई विद्यापीठाबरोबरचा. विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली आणि पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली १८५९ मध्ये. या शब्दाचा मूळ अर्थ केवळ पटावर नाव नोंदविणे एवढाच. विद्यापीठाच्या पटावर ज्याचे नाव घालावयाचे त्याची योग्यता पाहण्यासाठी ही परीक्षा होती. शाळेचे शिक्षण संपल्याची ती खूण नव्हती, आणि मनुष्य शहाणा झाल्याचे प्रमाणपत्र तर मुळीच नव्हते. त्या पहिल्या परीक्षेत अवघे २१ विद्यार्थी उत्तीर्ण झाले. महादेव गोविंद रानडे त्यांपैकी एक. १८६२ साली या विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, तेही चौघेच. त्यांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर ही दोन नावे आहेत. एवढ्या थोड्या माणसांच्या हातून महाराष्ट्रात केवढे कार्य झाले, हे वाचकांस सांगावयास नको. पण त्या वेळी आपले पणजोबा-खापरपणजोबा कोठे होते? ते वाड्याच्या ओसरीवर बसून धन्याचे अंगरखे शिवीत होते. बाराबंदीची माप घेण्याची विद्या त्यांना अवगत होती. अक्षराशी गाठ पडावी अशी त्यांना कोणाची आज्ञा नव्हती आणि सवडही नव्हती.

१८८२ साली सरकारने हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाची चौकशी करण्यास मंडळ नेमले. त्यापुढे जोतीराव फुले यांनी लेखी निवेदन दिले. शेतकऱ्याच्या आणि कष्टकऱ्याच्या घामातून सरकारी तिजोरी भरते, आणि त्यातील शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा मुद्दा. प्राथमिक शिक्षण सर्वांना मिळावे, ते सक्तीचे असावे, अशी मागणी त्यांनी केली. आज हे वाचताना सोपे वाटते. ज्या वर्षी हे लिहिले गेले त्या वर्षी बहुजन समाजातील मॅट्रिक झालेला मनुष्य पाहण्यास लोक मैलभर चालत गेले असते.

मॅट्रिकच्या उंबरठ्यापर्यंत आपली मुले पोहोचली ती बोर्डिंगांमुळे. या बाबतीत कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांचे ऋण आपल्या समाजावर विशेष आहे, आणि ते नव्या पिढीस ठाऊक नाही, याचा मला खेद होतो. महाराजांनी प्रथम सर्व जातींसाठी मिळून एक वसतिगृह चालवून पाहिले. परंतु मागासलेल्या जातींची मुले त्यात येईनात, आली तर टिकेनात. तेव्हा त्यांनी ज्या त्या समाजास पुढे करून, जागा आणि साहाय्य देऊन, वेगवेगळी वसतिगृहे उभी करविली. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच सुमारास जैन बोर्डिंग, पुढे मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क यांच्या नावाचे, आणि १९०८ साली आपल्या शिंपी समाजासाठी श्रीनामदेव बोर्डिंग. संत नामदेवांचे नाव आपण हरिदिनीला घेतोच. ते नाव एका पाटीवर चढले आणि त्या पाटीखाली आपली मुले इंग्रजी शिकण्यासाठी राहिली, ही घटना मला दिंडीइतकीच पवित्र वाटते.

एक गोष्ट येथे स्पष्ट लिहितो. हा लेख ज्ञातीच्या स्मरणिकेत येत आहे, म्हणून ती लिहिणे अधिकच अगत्याचे आहे. जातवार वसतिगृहे काढली ती जाती घट्ट व्हाव्यात म्हणून नव्हे. एका दारातून सगळे शिरत नाहीत, म्हणून अनेक दारे पाडली. आत शिरल्यावर सर्वांनी एकाच शाळेत, एकाच बाकावर बसावयाचे होते. आपल्यापैकी काही मंडळींना दाराचाच अभिमान वाटू लागतो आणि आतील शाळेचा विसर पडतो.

१९१७ साली महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिन्यास एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया म्हणजे गरिबाच्या घरी काय होता, याचा विचार करावा. राजाने रयतेकडून दंड घ्यावा तो मुलाच्या शाळेसाठी, हे अपूर्वच म्हटले पाहिजे.

त्याच कोल्हापुरात शिकलेले, पण स्वतः मॅट्रिकपर्यंत न पोहोचलेले एक गृहस्थ पुढे हजारो मॅट्रिक घडविते झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव सातारा जिल्ह्यात घेतले की माझ्या वयाची माणसे अजूनही नमस्कार करतात. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेचा आरंभ केला. १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले; १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. मुले स्वतः पाणी भरीत, स्वयंपाक करीत, शेतात खपत आणि शिकत. एकदा कोठीत धान्य उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले, ही कथा आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकली की तिचे काही वाटेनासे झाले होते. स्वतःचा संसार झाल्यावर तिचा अर्थ कळला.

आता मुळाशी येतो, कारण आपला गुणगौरव समारंभही काही आकाशातून पडलेला नाही. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी मॅट्रिक उत्तीर्ण झाला. त्याच्या समाजाला ही गोष्ट एवढी मोठी वाटली की त्यांनी अभिनंदनाची सभा भरविली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळूसकर या शिक्षकांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिले. येथपर्यंतची हकीकत सभांतून नेहमी सांगितली जाते. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढील भाग. केळूसकर गुरुजी हार घालून घरी गेले नाहीत. त्या मुलाच्या पुढील शिक्षणाची अडचण त्यांनी ओळखली, बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्यापर्यंत त्याची दाद लावली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. केळूसकर त्या मुलाच्या जातीचे नव्हते. तो मुलगा बागेत एकटा वाचीत बसतो, हे त्यांनी पाहिले होते, एवढाच त्यांचा संबंध. सत्कार कोणी केला हे लोक विसरले तरी चालेल. २५ रुपये कोणी मिळवून दिले हे मात्र शिक्षकाच्या पेशातील माणसाने विसरू नये.

स्वातंत्र्यानंतर परीक्षेचे नाव पालटले. १९४८ च्या कायद्याने मुंबई राज्यात स्वतंत्र परीक्षा मंडळ झाले आणि १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस.एस.सी. आली, पुढे १९६६ साली सध्याचे राज्य मंडळ पुण्यास स्थापन झाले. लोकांच्या तोंडी मात्र 'मॅट्रिक' हाच शब्द राहिला, कारण त्या शब्दामागे नोकरी उभी होती. सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेला प्राथमिक शिक्षक होई. मॅट्रिक झालेला तलाठी, पोस्टातील कारकून, एस.टी.तील कंडक्टर, कचेरीतील लिपिक होई. १९५९ साली यशवंतराव चव्हाण यांच्या कारकिर्दीत गरीब पालकांच्या मुलांना जात न पाहता फी माफ झाली. बाराशे रुपयांच्या आतील उत्पन्नाचा दाखला आणण्यासाठी तलाठ्याच्या दारात उभे राहिलेले बाप मी पाहिले आहेत. त्यात माझेही वडील होते. खेड्याखेड्यांतून हायस्कुले निघाली. आशा होती, आणि ती खोटी नव्हती.

येथे मला माझ्या घरची गोष्ट सांगावी लागत आहे. आत्मस्तुतीचा दोष येत असेल तर तो पत्करतो, कारण या गोष्टीत स्तुती माझी नाही.

आमचे गाव माण तालुक्यातील. वडिलांची, आम्ही त्यांस नाना म्हणत असू, पेठेत एक सिंगरचे यंत्र मावेल एवढी जागा. मला चार वर्षांनी वडील असलेला बंधू, माझा दादा, हा आम्हा भावंडांत खरा बुद्धिमान. कापड बेतण्याचे काम तो बाराव्या वर्षी करी. किती वार कापडात किती सदरे निघतील हे तो नुसत्या नजरेने सांगे, आणि त्याने सांगितल्यावर चिंधीसुद्धा जास्त उरत नसे. मला भूमितीचे प्रमेय प्रथम त्यानेच शिकविले, तेही वहीवर नव्हे. पाटलांच्या कोटाच्या कापडावर खडूने त्रिकोण काढून. नानांनी ते पाहिले आणि त्या दिवशी आम्हा दोघांनाही मार बसला.

दादा मार्च १९७१ मध्ये अकरावीच्या परीक्षेस बसला. निकाल त्या काळी वर्तमानपत्रात छापून येत. उत्तीर्ण झालेल्यांचे नुसते बैठक क्रमांक बारीक टाइपात छापलेले असत. साताऱ्याच्या गाडीने संध्याकाळी पेपर आला. दादाच्या मागचा क्रमांक होता, पुढचा होता; त्याचा नव्हता. छापण्यात चूक झाली असेल म्हणून आम्ही कंदील जवळ घेऊन पुन्हा पाहिले. पुढे गुणपत्रिका आली. गणितात शंभरात ऐंशीच्या वर. इंग्रजीत ३१. पस्तीस हवे होते.

या चार गुणांविषयी मी आयुष्यभर विचार केला आहे. दादाला इंग्रजी येत नव्हते हे खरे. पण ते त्याला शिकविले कोणी? खेर मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठवीपासून करण्याचे धोरण आले. हेतू देशाभिमानाचा होता, मुलांवरचा भार कमी करण्याचा होता, आणि त्याला नावे ठेवण्याइतका मी मोठा नाही. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पुन्हा पाचवीपासून इंग्रजी सुरू झाले. मधल्या काळात शिकून जे शिक्षक झाले त्यांचे स्वतःचेच इंग्रजी कच्चे, आणि खेड्यांच्या वाट्यास तेच आले. परीक्षा मात्र साताऱ्यातील, पुण्यातील मुलास तीच आणि आम्हांसही तीच. शहरातील मुलास घरी कोणी तरी इंग्रजी वाचणारे असे. आमच्या घरी इंग्रजीचे एकच अक्षरलेखन होते, ते यंत्राच्या लोखंडावरचे कंपनीचे नाव. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा मला दादाची आठवण झाली. पण इंग्रजी आले म्हणजे ते शिकविणारा मनुष्य आलाच, असे नव्हे. हे मी शाळेतून सांगू शकतो.

दादा ऑक्टोबरला पुन्हा बसला, पुन्हा राहिला. तिसऱ्यांदा बसण्याचे ठरले तोवर १९७२ चा दुष्काळ आला. दुष्काळात प्रथम बंद पडतो तो शिंप्याचा धंदा. लोक भाकरी मागतील की नवा सदरा? गावची गावे खडी फोडण्यास गेली. आमच्या घरची तीन माणसे नाल्याच्या बांधावर होती, त्यांत दादा. लाल मिलो आणि सुकडी यांवर ते वर्ष निघाले. मी शाळा सोडण्याची गोष्ट काढली, तेव्हा दादाने नानांस सांगितले, "याचे नाव काढू नका. मी आहे." एवढेच. त्यानंतर त्याने परीक्षेचा फॉर्म भरला नाही.

मी १९७५ साली बसलो. ते वर्ष चमत्कारिक होते. नव्या आकृतिबंधाची दहावीची पहिली तुकडी आणि जुन्या अकरावीची शेवटची तुकडी एकाच वर्षी बाहेर पडली. आम्ही स्वतःस शेवटचे मॅट्रिक म्हणवून घेत असू. दादाने माझ्या परीक्षेसाठी नवी विजार शिवली होती. मी उत्तीर्ण झालो. माझ्या गणिताचे गुण दादापेक्षा वीस-पंचवीसांनी कमी होते. मी शिक्षक झालो, पेन्शन घेतो, लोक मला गुरुजी म्हणतात. दादाने पन्नास वर्षे यंत्र चालविले.

तथापि न्यायाने बोलावयाचे तर दादाच्या पिढीतील नापास मुलास जागा होती. यंत्र होते. पेठेत बसून शर्ट, विजार, झंपर शिवून चार माणसांचे पोट भरत असे. ज्यांना ते नको होते ते मुंबईस जात; तेथे गिरणीत बदली म्हणून लागत, रात्रीच्या शाळेत जात. आपल्या समाजातील कितीतरी मुले लालबाग-परळच्या शिंप्यांच्या दुकानांत काजे-बटणे करून रात्री अभ्यास करीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांना पुन्हा आत जाता आले नाही. गिरणगावच बसले, तेव्हा त्याच्या आधाराने चालणारी दुकानेही बसली. पुढे तयार कपड्यांचा सुकाळ झाला. आज तालुक्याच्या बाजारात हातगाडीवर जो शर्ट मिळतो त्याच्या किमतीत आमची शिलाईसुद्धा निघत नाही. आता शिंप्याकडे लोक येतात ते विकत घेतलेली विजार आखूड करण्यास आणि चेन बदलण्यास. दादाच्या हाताखाली बसून बेतणे शिकेल असा मुलगा गेल्या पंधरा वर्षांत एकही आला नाही, आणि आला असता तर दादानेच त्याला परत पाठविले असते.

म्हणजे एकीकडे नापासाची जागा गेली. दुसरीकडे उंबरठा इतका खाली आला की तो आहे की नाही हेच कळेनासे झाले. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा अमलात आला. आठवीपर्यंत कोणास मागे ठेवू नये, असे त्यात होते. २०१९ साली त्यात बदल झाला. कायद्याचा हेतू उत्तम. मूल नापासाच्या भीतीने शाळा सोडते, हे मी स्वतः पाहिले आहे. परंतु मुलास वर ढकलणे आणि वर नेणे यांत अंतर आहे. कायद्याने वर्षभर मुलाकडे सतत लक्ष ठेवण्यास सांगितले होते. आम्ही शिक्षकांनी त्याचे तक्ते भरले. हे मी इतरांविषयी लिहीत नाही. मी स्वतः तसे तक्ते भरले आहेत. ज्या मुलास मराठीचा परिच्छेद अडखळत वाचता येई त्याच्या नावापुढे मी चांगली श्रेणी लिहिली, कारण तक्ता त्या दिवशी द्यावयाचा होता. ते मूल नववीत गेले आणि तेथे एकाएकी परीक्षा सुरू झाल्या. जिन्याच्या पायरीवर बसलेला मुलगा माझ्या सेवानिवृत्तीनंतर शाळेत आला, म्हणून तो माझ्या तक्त्यात नाही, इतकेच.

त्यातच करोनाची साथ आली. मार्च २०२० मध्ये दहावीचा भूगोलाचा शेवटचा पेपर झालाच नाही. २०२१ साली परीक्षा रद्द होऊन अंतर्गत गुणांवर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. १८५९ साली एकवीस मुले उत्तीर्ण झाली होती, त्या परीक्षेचा वंश येथवर आला! हा त्या मुलांचा दोष नव्हे. परंतु ज्या मुलांची त्या दोन वर्षांत पाचवी-सहावी-सातवी झाली, त्यांचे अपूर्णांक, त्यांचे वाचन, सर्व मोबाइलच्या काचेत राहिले. घरात एक मोबाइल, तो बापाजवळ, आणि बाप कामावर. ती मुले आता एकेक करून दहावीस येत आहेत.

गुणपत्रिकेवर 'नापास' हा कठोर शब्द आता छापीत नाहीत. पुरवणी परीक्षा ऑक्टोबरऐवजी निकालानंतर लगेच होते, म्हणजे वर्ष वाया जात नाही. दोन विषय राहिले तरी अकरावीत प्रवेश मिळतो. शाळा सुटलेल्यास सतरा नंबरचा फॉर्म आहे. दादाच्या वेळी यातील काही असते तर! सोयी आहेत. त्या सोयींपर्यंत मुलाचा हात धरून नेणारा मनुष्य मात्र दिसत नाही.

मुलींविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. पुण्यास १८४८ साली फुले पतिपत्नींनी मुलींची शाळा काढली. त्या गोष्टीला पावणेदोनशे वर्षे झाली. आज आपल्या गुणवंतांच्या यादीत मुली अधिक आहेत, हे आनंदाचे. पण त्या यादीतील मुलींचे पुढे काय झाले, याची यादी आपण कधी केली आहे काय? नव्वद टक्क्यांची मुलगी पाच वर्षांनी याच मंडळाच्या वधुवर सूचीत 'गृहकृत्यदक्ष' म्हणून सापडते. मुलगा नापास होऊन वाया जातो. मुलगी पहिली येऊन वाया जाते. आकडेवारीत मात्र दुसरी हानी दिसत नाही.

आता थोडे कडू लिहितो. संपादकांनी ते गाळू नये अशी विनंती आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी पै पै जमवून विद्यार्थ्यांसाठी जी इमारत बांधली तिच्या तळमजल्यावर आज मंगल कार्यालय आहे, आणि वरच्या खोल्यांत वऱ्हाड उतरते. उत्पन्न वाढले, हे हिशेबात दिसते. खेड्यांतून शिकावयास येणारा मुलगा मात्र शहरात भाड्याच्या खोलीत चौघांत राहतो. मी हा विषय सभेत काढला तेव्हा उत्तर मिळाले की, 'हल्ली मुलेच येत नाहीत.' मुले येत नाहीत, की आपण बोलावीत नाही? बोर्डिंग म्हणजे नुसत्या खोल्या नव्हेत. पहाटे कोणी तरी उठवावे लागते, आज काय वाचलेस असे विचारावे लागते. भाऊराव अण्णांनी केले ते हेच. गुणगौरवाच्या शाली, हारतुरे आणि भोजन यांवर गतवर्षी जो खर्च झाला, तो अहवालाच्या शेवटच्या पानावर छापलेला आहे. पुरवणी परीक्षेस बसणाऱ्या मुलांच्या शिकवणीस त्याचा दहावा भाग पुरला असता. मंडळातील कार्यकर्ते माझे स्नेही आहेत, त्यांच्या निष्ठेविषयी मला शंका नाही. पण यशस्वी मुलांबरोबर फोटो काढणे सोपे असते, आणि सोपे ते आपण सर्वच करतो. मीही वीस वर्षे त्या व्यासपीठावर बसलो आहे.

समारंभानंतर आठ दिवसांनी मी त्या मुलाच्या घरी गेलो. बाप संकोचला; त्याला वाटले, गुरुजी बोलणार. गणित आणि इंग्रजी असे दोन विषय राहिले होते. त्याने अकरावीत नाव घातले नव्हते, एका गोदामात तो रोजाने जाऊ लागला होता. परत परीक्षेस बसतोस काय, असे विचारले, तर त्याने होयही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "कामावरून यायला साडेसात होतात," एवढे मात्र म्हणाला.

तेव्हापासून संध्याकाळी आठ वाजता तो माझ्या ओसरीवर येतो. मागाहून आणखी तिघे येऊ लागले, त्यांतील एक मुलगी. त्यांपैकी दोघे आपल्या ज्ञातीचे नाहीत. इंग्रजी मी शिकवितो. माझे इंग्रजी ते काय असणार, पण पस्तिसापुरते आहे. भूमितीची प्रमेये मला आता नीट आठवत नाहीत, म्हणून दादाला बोलावून घेतले. त्याचे वय एकाहत्तर, दृष्टी अधू झाली आहे, पण हात स्थिर आहे. पहिल्या दिवशी त्याने फळा नको म्हणून सांगितले. जुन्या चादरीचा तुकडा जमिनीवर पसरला, खिशातून खडू काढला, आणि सदऱ्याची बाही बेतताना जो कोन धरतात तो आखून दाखविला. मुले वाकून पाहत होती. मुलीने विचारले, "आजोबा, हे पुस्तकातलंच आहे का?" दादा म्हणाला, "पुस्तक मी पन्नास वर्षांत उघडलं नाही. तू उघडून बघ."

तिने उघडून पाहिले. प्रमेय तेच होते. दादाच्या यंत्राच्या खणात, बॉबिनीच्या डबीखाली, ती १९७१ ची गुणपत्रिका अजून आहे. तो विषय आम्ही कधी काढत नाही.

पुढची परीक्षा जवळ आली आहे. चौघांचे फॉर्म भरून झाले आहेत.